अनामत कोणाची?

मे महिन्यात अकोल्याच्या तोष्णीवाल लेआउट, जठारपेठ, रामदासपेठ या भागांत आणि अमरावतीच्या गाडगेनगर, रुक्मिणीनगर, साईनगर या वस्त्यांत एकाच वेळी दोन प्रकारची लगबग दिसते. परीक्षा आटोपून गावी निघालेली मुले गाद्या, पुस्तकांची खोकी आणि कूलर टेम्पोत चढवीत असतात आणि नव्या सत्रासाठी खोली शोधणारे पालक त्याच गल्लीत दारोदार विचारणा करीत असतात. त्याच सुमारास अनेक घरांच्या जिन्याशी घरमालक आणि निघालेला भाडेकरू यांच्यात हिशेबाची बोलणी चालतात व पाहता पाहता त्यांचा तंटा होतो. रंगाचे इतके, नळाचे इतके, भिंत खराब केली त्याचे इतके, अशी वजाबाकी होत होत वर्षापूर्वी मोजून दिलेली अनामत रक्कम शून्यावर येते. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शेवटच्या दोन-तीन महिन्यांचे भाडे आणि वीजबिल थकवून, ‘अनामतीतून कापून घ्या’ असे सांगून भाडेकरू निघून जातो आणि मागे निखळलेली बिजागरी, फुटलेली काच व तुंबलेली मोरी सापडते.

वृत्तपत्रांच्या लेखी ही बातमी नव्हे. दहा-वीस हजारांच्या वादासाठी न्यायालयाची पायरी सहसा कोणी चढत नाही. परंतु ज्या शेतकऱ्याने तूर किंवा कापूस विकून मुलीच्या खोलीची अनामत भरली, त्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. ज्या निवृत्त शिक्षकाच्या घरखर्चाला वरच्या मजल्याच्या भाड्याचा आधार आहे, त्याच्या दृष्टीने नव्या फरशीचा खर्चही लहान नाही. शिवाय प्रत्येक कडू निरोप पुढच्या वर्षाचा अविश्वास पेरून जातो. पोळलेला घरमालक पुढच्या भाडेकरूकडून अधिक अनामत मागतो. अनामत बुडालेला विद्यार्थी पुढच्या ठिकाणी शेवटच्या महिन्यांचे भाडे आधीच रोखून धरतो. अशा रीतीने एका घरातला तंटा गल्लीची रीत बनतो.

वऱ्हाडातील या दोन शहरांना या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि अलीकडच्या काळात वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या शिकवणी वर्गांमुळे वाशीम-बुलडाण्यापर्यंतची मुले तेथे राहावयास येतात. अमरावतीत १९८३ मध्ये स्थापन झालेले, आज संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ आहे, १९६४ चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९१४ पासून कार्यरत असलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. या सर्वांना वसतिगृहे पुरत नाहीत. उरलेला भार मध्यमवर्गीय घरांच्या वरच्या मजल्यांनी उचलला आहे. त्यामुळे आपल्या वाचकांपैकी कितीतरी कुटुंबे एकाच वेळी दोन्ही भूमिकांत आहेत. अमरावतीतील स्वतःच्या घराचा वरचा मजला भाड्याने देणारे गृहस्थ अकोल्यात मुलीसाठी खोली घेतात. एका घरी ते अनामत घेतात, दुसऱ्या घरी ती देतात. एका ठिकाणी जे त्यांना न्याय्य वाटते, ते दुसऱ्या ठिकाणी अन्याय्य वाटू लागते. या प्रश्नाचा विचार करताना प्रत्येकाने प्रथम आपल्या या दोन भूमिका एकमेकींसमोर उभ्या करून पाहाव्यात.

विचाराचा आरंभ शब्दापासूनच केला पाहिजे. ‘अनामत’ हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली वस्तू असा त्याचा मूळ अर्थ आहे. शेजाऱ्याने यात्रेला जाताना आपल्याकडे दागिन्यांचा डबा ठेवला, तर तो डबा आपला होत नाही. तो परत येईपर्यंत आपण त्याचे राखणदार असतो. भाड्याच्या अनामतीचेही तसेच आहे. ही रक्कम भाडेकरूची असते आणि घरमालक तिचा विश्वस्त असतो. त्यातून काही कापायचे असेल, तर कारण दाखविण्याची जबाबदारी कापणाऱ्यावर येते, परत मागणाऱ्यावर नाही. आजच्या व्यवहारात नेमके उलटे झाले आहे. एकदा दिलेली अनामत गेली असेच धरून भाडेकरू चालतो, ती आपल्या उत्पन्नातच जमा झाली असे घरमालक समजतो आणि दोघेही आपापल्या परीने त्या समजुतीचा सूड उगवतात.

ही समजूत एका दिवसात तयार झालेली नाही. विदर्भात दीर्घकाळ १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्याअन्वये भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी घरमालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी मिळवावी लागे. ती मिळाल्यावर नोटीस आणि त्यानंतर दिवाणी दावा, असा दुहेरी प्रवास असे. मुंबईत १९४७ चा आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा होता. युद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण देण्याचा हेतू रास्त होता. परंतु काळ बदलला, भाडी गोठलेलीच राहिली. मुंबईच्या कायद्यातील प्रमाण भाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी ठरल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात १९९७ मध्ये सांगितले. अशा वातावरणात ‘एकदा आत आलेला भाडेकरू बाहेर निघत नाही’ ही भीती घरमालकांच्या दोन पिढ्यांच्या मनात मुरली. भरीव अनामत आणि अकरा महिन्यांचा कागद ही त्या भीतीची अपत्ये होत. नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट निघाली.

३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि हे तिन्ही जुने कायदे गेले. अकरा महिन्यांची पळवाटही तेव्हाच बंद झाली, हे मात्र अनेक सुशिक्षित घरमालकांच्या अद्याप ध्यानात आलेले नाही. या अधिनियमाचे कलम ५५ सांगते की, जागा भाड्याने द्या किंवा लिव्ह अँड लायसन्सवर द्या, करार लेखी असला पाहिजे आणि तो नोंदविलेला असला पाहिजे. मुदत अकरा महिन्यांची असली तरीही सुटका नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याहून महत्त्वाची तरतूद पुढेच आहे. नोंदविलेला करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का मारून निश्चिंत झालेला घरमालक प्रत्यक्षात स्वतःचीच बाजू दुर्बळ करीत असतो. ‘रंगाचे पैसे कापायचे ठरले होते’ हे त्याचे म्हणणे भाडेकरूने नाकारले, तर सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो.

खर्चाची सबबही टिकत नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. ते मुदतीतील एकूण भाडे आणि अनामतीवर वार्षिक दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर आकारले जाते. दरमहा सहा हजार भाडे, वीस हजार अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत धरली, तर हे शुल्क दोनशे रुपयांच्या आसपास जाते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये असते आणि ही नोंदणी आज घरबसल्या संगणकावरून करता येते. हा खर्च दोघांनी निम्मा निम्मा वाटून घेतला, तर कोणालाच जड जाऊ नये.

नोंदणी झाली म्हणजे सारे साधले, असे मात्र नाही. करारात काय लिहिले आहे, यावर पुढचे अवलंबून असते. भाडेपट्टा असेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ मदतीला येते. वाजवी वापराने होणारी झीज आणि मानवी शक्तीबाहेरची आपत्ती वगळता, जागा जशी मिळाली तशी परत करणे हे भाडेकरूचे कर्तव्य, असे ते सांगते. परंतु आजचे बहुतेक करार लिव्ह अँड लायसन्सचे असतात. तेथे भाडेपट्ट्याचे हे नियम आपोआप लागू होत नाहीत, कागदावरच्या अटीच निर्णायक ठरतात. आणि छापील नमुन्यात अनामतीविषयी बहुधा एकच वाक्य असते: ‘नुकसान झाल्यास रक्कम कापून उर्वरित परत करण्यात येईल.’ नुकसान म्हणजे काय, ते कोणी ठरवायचे, रक्कम किती दिवसांत परत करायची, यावर तो कागद मौन बाळगतो. या मौनातच तंट्याचे मूळ आहे.

म्हणून झीज आणि नुकसान यांतील भेद वऱ्हाडच्या माती-पाण्याच्या संदर्भात समजून घेतला पाहिजे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतींना तडे जातात, फरशी उचलली जाते. त्याचा भाडेकरूशी काहीही संबंध नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने नळाच्या तोट्यांवर पांढरा थर बसतो, पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीला लोणा लागून पोपडे सुटतात. हीदेखील त्या पाण्याची करणी आहे. तेथे कोणीही राहिले असते तरी हेच झाले असते. याउलट, पारा ४५ अंशांपलीकडे गेला की प्रत्येक खिडकीत कूलर बसतो. त्याचे पाणी महिनोन् महिने खिडकीखालच्या भिंतीत झिरपू दिले, लोखंडी स्टँडच्या गंजाचे डाग फरशीवर उमटू दिले, तर ती हयगय आहे आणि तिची भरपाई भाडेकरूने केली पाहिजे. अर्थात कूलरसाठी बाहेर लोखंडी चौकट आणि पाणी वाहून जाण्याची सोय घरमालकाने करून दिली होती की नाही, हेही पाहिले पाहिजे. भिंतीतील चार खिळे ही राहत्या घराची खूण आहे. खिळा ठोकताना फोडलेली टाइल मात्र नुकसानीत मोडते.

वादाचे सर्वांत मोठे कारण असते रंग. येथे साधा हिशेब कामी येतो. खोलीचा रंग चार वर्षे टिकतो असे धरू. तो तीन वर्षांपूर्वी दिलेला असेल, तर वर्षभराने घरमालकाला तो द्यावाच लागणार होता. पूर्ण खोलीच्या रंगाचा खर्च जाणाऱ्या मुलाच्या अनामतीतून काढणे म्हणजे स्वतःचा खर्च दुसऱ्याच्या माथी मारणे होय. पण दोनच वर्षांपूर्वी दिलेल्या रंगाची एक भिंत मुलाने तेल आणि काजळीने काळी केली असेल, तर त्या एका भिंतीपुरता, उरलेल्या दोन वर्षांच्या मूल्याइतका खर्च कापणे योग्य ठरेल. त्या भिंतीला दोन हजार रुपये लागणार असतील, तर वजावट एक हजाराची होईल. हा हिशेब कागदावर मांडून दाखविला, तर दहापैकी नऊ पालक तो मान्य करतील. राग येतो तो न मांडलेल्या आकड्याचा.

असा विचार अन्यत्र झालेलाच आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार अधिनियमास मान्यता दिली. निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, ताबा परत घेतानाच रीतसर वजावट करून ती परत करावी, असे त्यात म्हटले आहे. दुरुस्त्यांची वाटणीही त्याच्या परिशिष्टात आहे. बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, नळवाहिन्या आणि विजेच्या तारा घरमालकाकडे. तोट्या व त्यांचे वायसर, मोरीची सफाई, विजेची बटणे, कुलुपे आणि खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे. हा विषय राज्यांच्या अखत्यारीतील असल्याने तो नमुना आपोआप लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चाच अधिनियम चालतो आणि त्यात अनामतीला कमाल मर्यादा नाही. तथापि आपल्या कराराला ही वाटणी जोडण्यास कोणाची आडकाठी आहे? इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ पासून घरमालकाला अनामत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. तसे न केल्यास न्यायालय तिच्या एकपट ते तिप्पट रक्कम भाडेकरूला देववू शकते. कापायच्या रकमेवर वाद झाला तर घर घेतानाची नोंद आणि सोडतानाची नोंद यांची तुलना करून निर्णय होतो. आणि ही दृष्टी आपल्यालाही परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरमालक आणि भाडेकरू या दोघांनाही एकाच तराजूत तोलले आहे. सांगूनही घर न सोडणाऱ्या भाडेकरूला बारा पण दंड आहे आणि भाडे देणाऱ्या भाडेकरूला चोरी-मारहाणीसारख्या कारणावाचून हुसकावणाऱ्या मालकालाही तेवढाच दंड आहे. मुदतीपूर्वी आपण होऊन निघून जाणाऱ्या भाडेकरूने वर्षाचे उरलेले भाडे द्यावे, असेही तेथे सांगितले आहे. दंड दोघांना सारखाच, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

भाडेकरूंच्या बाजूने एवढे बोलल्यावर त्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. अनामत म्हणजे आगाऊ भाडे नव्हे. शेवटच्या महिन्यांचे भाडे त्यातून ‘वळते’ करून घ्यायला लावणे म्हणजे घरमालकाच्या हातातील एकमेव सुरक्षा काढून घेणे आहे. नळ गळत असेल तर तो पहिल्या दिवशी सांगावा, भिंत कुजल्यावर नव्हे. दोघांसाठी घेतलेल्या खोलीत पाच जण राहतात, मीटरचे आकडे कोणी लिहून ठेवत नाही आणि जाताना किल्ली शेजाऱ्याकडे टाकून मुले निघून जातात. मुलाला शिक्षणासाठी बाहेर पाठविताना गाद्या-उशांबरोबर दुसऱ्याचे घर सांभाळण्याचा संस्कारही बांधून दिला पाहिजे. याच न्यायाने, थकबाकीचा राग आला म्हणून वीज-पाणी तोडणे किंवा परीक्षेच्या तोंडावर मुलाचे सामान अडवून ठेवणे घरमालकाला शोभत नाही. अत्यावश्यक सोयी तोडण्यास भाडेकरूच्या बाबतीत १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २९ नेच मनाई केली आहे.

यावर उपाय अवघड नाही. ताबा देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून खोली पाहावी. भिंती, फरशी, ओटा, तोट्या, काचा, पंखे, मीटरचा आकडा यांची यादी करून दोघांनी सही करावी आणि मोबाइलवर छायाचित्रे घेऊन ती एकमेकांना पाठवावीत. शेवटचा रंग केव्हा दिला, ते महिना-वर्षासह लिहावे. सोडण्यापूर्वी पंधरा दिवस पुन्हा तीच यादी घेऊन पाहणी करावी, म्हणजे किरकोळ दुरुस्ती भाडेकरूला स्वतः करून घेता येईल. वजावट असेल तर बिलासह दाखवावी आणि उरलेली रक्कम किल्ली घेताना किंवा फार तर ठरलेल्या दिवसांत बँकेतून परत करावी. अनामत रोखीने देणे-घेणे दोघांनीही टाळावे, कारण न मिळालेल्या पावतीचा वाद मिटविणे देवालाही कठीण जाते.

इतके करूनही मतभेद झाला, तर भांडणाऐवजी मार्ग आहेत. प्रथम लेखी मागणी करावी. त्यानंतर अमरावती आणि अकोला या दोन्ही ठिकाणच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून दाव्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत नेता येते. १९८७ च्या कायद्यानुसार तेथे झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तीवर अपील नसते. तडजोड झालीच नाही, तर दिवाणी दाव्याचा मार्ग खुला राहतो, मात्र पैसे वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, हे विसरू नये.

परंतु प्रत्येक मोरी आणि प्रत्येक भिंत लोकअदालतीत जाऊ शकत नाही, जाऊही नये. येथे समाजातील जाणत्या माणसांचे काम सुरू होते. आपले कार्यकर्ते पूरग्रस्तांसाठी धावून जातात, रक्तदानाची शिबिरे भरवितात. त्याच तत्परतेने प्रत्येक वस्तीत एक निवृत्त अभियंता, एक वकील आणि एक जाणती गृहिणी अशा तिघांनी एप्रिल-मे आणि जून-जुलै या चार महिन्यांत दोन्ही पक्षांच्या बोलावण्यावरून खोलीच्या पाहणीला उभे राहण्याचे ठरविले, तर कितीतरी तंटे जिन्यावरच मिटतील. यादीचा एक मराठी नमुना छापून घराघरांत पोहोचविणे हे एका रविवारचे काम आहे. तिघांनी निवाडा देण्याची गरज नाही. त्यांच्यासमोर वाजवीपेक्षा जास्त मागण्याचा किंवा देणे नाकारण्याचा संकोच दोघांनाही वाटेल, एवढे पुरे आहे.

बाहेरगावाहून शिकावयास आलेला मुलगा शहराला ओळखतो, तो बहुतांशी आपल्या घरमालकाच्या रूपाने. दोन वर्षे ज्यांना तो काका-काकू म्हणत आला, त्यांच्याशी शेवटच्या दिवशी झालेली वादावादी त्याच्या मनात त्या गावाची आठवण बनून राहते. तीच गोष्ट घरमालकाची. एका बेपर्वा मुलामुळे नंतरच्या दहा होतकरू मुलांना त्याचे दार बंद होते. येत्या जूनमध्ये आपल्यापैकी कोणी खोली देतील, कोणी घेतील. त्या दिवशी अर्धा तास काढून एक यादी करावी, तीवर दोन सह्या कराव्यात आणि करार नोंदवावा. मग पुढच्या मे महिन्यात अनामत कोणाची, हा प्रश्न विचारण्याची वेळच येणार नाही.